फुटक्या कौलांचं काय करायचं?

१. आधी काम ठरवा, मग वस्तू ठेवा.
३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि डोलवीतल्या आमच्या पडवीची निम्मी कौलं खाली आली. अख्खी होती ती परत चढवली. फुटकी ‘लागतील कधीतरी’ म्हणून परसात रचून ठेवली. पावसाळाभर त्या ढिगात विंचवांनी संसार केला. दिवाळीनंतर एकदाची ती भाजीच्या आळ्यांभोवती निम्मी गाडून उभी केली आणि उरलेला चुरा न्हाणीच्या चिखलाच्या वाटेवर पसरला. आळ्यांभोवती आधी तेलाचे पत्र्याचे डबे कापून लावले होते. धरमतरच्या खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यातच त्यांची चाळण झाली. कौल म्हणजे भाजलेली माती, तिला गंजायचं ठाऊकच नाही.

२. गोधडीला जुनंच कापड लागतं.
यात काटकसर दुय्यम. नवं सुती कापड धुतलं की आटतं, जुनं आधीच आटून झालेलं असतं, म्हणून थर एकमेकांना ओढत नाहीत. आजी वर मऊ पडलेलं लुगडं आणि मध्ये चादरींचे तुकडे घालायची. मी शहाणपणा करून मध्ये नायलॉनची साडी घातली. पहिल्याच धुण्यात धावदोऱ्याचे टाके उसवले आणि साडी एका कडेला गोळा झाली. कापड ओळखायला मी शिकले ते दारावर येणाऱ्या बोहारणीकडून. पातेल्याचा सौदा ठरायच्या आधी ती डोळे दुसरीकडेच ठेवून साडीवरून नुसता अंगठा फिरवायची आणि विरलेली जागा बरोबर काढायची. आता मीही टाका घालण्याआधी प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरते.

३. जाळं ताणून बांधा.
मासेमारीतून बाद झालेलं नायलॉनचं जाळं मेथीवर टाकलं की कोंबड्यांचा प्रश्न मिटतो. पण आमच्या जाळ्याचा झोळ जमिनीवर लोळत होता आणि एका सकाळी त्यात धामण अडकलेली दिसली. सर्पमित्राने येऊन एकेक फास कात्रीने कापला. उंदीर खाणारं ते बिचारं जनावर आपल्या उपयोगाचं, आणि आपणच त्याला फास लावलेला! आता चारी बाजूंना खुंट्या आहेत आणि जाळं खाटेच्या नवारीसारखं ताठ असतं.

४. निळं पिंप घरात नको.
आमच्या पट्ट्यात कारखाने आहेत, त्यामुळे भंगारात ही पिंपं स्वस्तात दिसतात. आत पूर्वी काय होतं हे कळत नसेल तर पाणी, धान्य, भाजीची माती, यातलं काहीच त्यात भरू नका. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नसतं.

५. जुन्या दाराचा रंग कोरडा घासू नका.
पाडलेल्या घराचं सागवानी दार आडवं करून मुलाला अभ्यासाचं टेबल केलं. सुताराने मात्र आधी पाणी मारून रंग घासला, पोरांना अंगणाबाहेर पिटाळलं आणि खरवड पिशवीत बांधली. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीच्या दारांचा भरवसा कोण देणार?

६. मखर घडीचं करा.
२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. पेण तालुक्यात, जिथे हमरापूर आणि जोहे वर्षभर गणपती घडवतात, तिथे मखराचा विचार टाळता येत नाही. आमचं मखर फ्रिजच्या खोक्याचं आहे, त्यावर आईच्या नऊवारीचे काठ. विसर्जन झालं की घडी होऊन माळ्यावर. दरवर्षी फक्त मागचा पडदा बदलतो, तरी शेजारच्या काकू ‘यंदा नवीन केलंत वाटतं?’ विचारतात. मी नुसती हसते.

७. वर्षभरात काम न मिळालेली वस्तू दिवाळीआधी भंगारवाल्याला.
यंदा जळक्या मिक्सरची पाळी आहे. झाकण तेवढं काढून ठेवलंय, लोणच्याच्या बरणीला बसतं.