जमिनीखालचे चर्चगेट स्टेशन

मुंबईला चर्चगेट नावाची आता दोन स्टेशने आहेत. एक जमिनीवर आणि दुसरे जमिनीखाली. वरचे जुने आहे. तिथे लोकल गाड्या येतात. खालचे मेट्रोचे आहे. ते ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांसाठी सुरू झाले. आमच्या सरांनी त्याचा नकाशा दाखवला आणि माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

चर्चगेटच्या आजूबाजूला मैदानेच मैदाने आहेत. ओव्हल मैदान आहे. क्रॉस मैदान आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली झाले. आणि थोडे चालत गेले की वानखेडे स्टेडियम लागते. तिथे पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये झाला. २ एप्रिल २०११ ला भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला तो पण तिथेच. शेषराव वानखेडे यांचे नाव त्या स्टेडियमला दिले आहे. ते आपल्या विदर्भाचेच, नागपूरकडचे होते, आणि विधानसभेचे अध्यक्ष होते. हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते!

या मेट्रोची लाईन आरेपासून कफ परेडपर्यंत आहे. लांबी साडेतेहेतीस किलोमीटर. स्टेशने २७. त्यातले फक्त आरेचे जमिनीवर आहे, बाकी सगळी २६ जमिनीखाली. आपल्या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगावला रेल्वे आहे, पण बुलढाण्याला अजून रेल्वे स्टेशनच नाही. मग जमिनीखालचे तर कुठून दिसणार?

आता हे खणले कसे ते सांगतो. स्टेशनचा मोठा खड्डा वरून खाली खणतात, आपली विहीर खणतात तसाच. पण दोन स्टेशनांच्या मधला बोगदा वरून खणत नाहीत. वर घरे असतात, रस्ते असतात. म्हणून खाली एक लांबच लांब यंत्र सोडतात. त्याच्या तोंडाला मोठे गोल चाक असते आणि चाकावर पोलादाच्या चकत्या. चाक फिरते आणि दगड कुरतडत पुढे जाते. मागे लगेच सिमेंटच्या तुकड्यांचे गोल कडे बसवतात. विहिरीला कडे टाकतात ना, तसे. फक्त ते आडवे असते.

अशी १७ यंत्रे होती. त्यांना नद्यांची नावे दिली होती. गोदावरी, कृष्णा, तापी, वैनगंगा, वैतरणा, सूर्या, तानसा. यातली मजा बघा. आपल्या जिल्ह्यातून जाणारी पूर्णा नदी तापीला मिळते. आणि पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, तिचे पाणी वर्धा आणि प्राणहिता नद्यांमधून शेवटी गोदावरीला जाते. म्हणजे आपले पाणी ज्या दोन मोठ्या नद्यांत जाते, त्या दोघींच्या नावाची यंत्रे मुंबईत दगड फोडत होती. बोगदे खणायचे काम ३० नोव्हेंबर २०२२ ला संपले.

दगड पण आपलाच आहे. मुंबईच्या खाली बराचसा काळा पाषाण आहे, बसाल्ट. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तो झाला. आपल्या लोणारचे सरोवर त्याच दगडात आहे, आणि आमची विहीर पण. माझ्या आजोबांनी तरुणपणी लय विहिरी खंदल्या. ते म्हणतात, मुरूम संपून पाषाण लागला की सुरुंग लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मग दगड यारीने वर काढावे लागतात. आमची विहीर ६० फूट झाली. दोन वर्षे झाली, तिला पाणी नाही. आई टँकरची वाट बघते.

मेट्रोचे स्टेशन पण जवळजवळ तेवढेच खोल, काही तर त्याहून खोल आहेत. मी हे आजोबांना सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "मंग तिथं पानी लागलं असन ना?" मी सरांना विचारले. सर म्हणाले, लागतेच. म्हणून भिंतीतून पाणी येऊ नये अशी सोय करतात, आणि जे झिरपते ते पंपाने बाहेर टाकतात. आपल्याकडे विहिरीला पाणी लागले की पेढे वाटतात, तिथे लागले की पंप सुरू! आजोबा म्हणाले, "पायजे तिथं लागत नाही, अन् नको तिथं लागते."

कधी वरून पण पाणी येते. २६ मे २०२५ ला मुंबईत फार पाऊस झाला. वरळीकडच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरले. ते सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. तिथल्या गाड्या थांबवाव्या लागल्या.

स्टेशनात आधी तिकिटाचा मजला लागतो. आणखी खाली उतरले की गाडी. रुळाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी येऊन थांबली की तिची दारे आणि भिंतीची दारे बरोबर उघडतात. त्यामुळे गर्दीत कोणी रुळावर पडत नाही. ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत त्याच्यासाठी लिफ्ट असते. हवा पंख्यांनी आत आणतात.

आता एक गणित. वानखेडेवर सुमारे ३३ हजार लोक बसतात. मेट्रोच्या एका गाडीला ८ डबे, त्यात सुमारे २५०० माणसे मावतात. समजा सामना संपला, सगळे मेट्रोनेच निघाले, सगळ्यांना एकाच दिशेला जायचे आहे, आणि दर ५ मिनिटांनी रिकामी गाडी येते. १३ गाड्यांत ३२,५०० लोक जातील. उरले ५००. त्यांच्यासाठी १४ वी गाडी. पहिली लगेच आली तर शेवटची ६५ मिनिटांनी येईल. माझा मित्र म्हणतो की अर्धे लोक वरच्या लोकलनेच जातील. मग किती गाड्या लागतील? ज्याला येईल त्याने या कागदाच्या खाली पेन्सिलीने उत्तर लिहावे.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा