खोक्यावर न लिहिलेलं ब्लूटूथ

प्रश्न : आम्ही दिवाळीत ५० इंची, स्वस्तातला स्मार्ट टीव्ही घेतला. खोक्यावर आणि माहितीपत्रकात फक्त ‘वाय-फाय’ एवढंच लिहिलंय. पण परवा भाचीच्या मोबाइलवर ब्लूटूथच्या यादीत आमच्या टीव्हीचं नाव आलं आणि खटपट केल्यावर टीव्हीचा आवाज आजोबांच्या इयरफोनमध्ये ऐकू आला. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरही आमचा टीव्ही दिसतो. कंपनीने हे का सांगितलं नाही? काही धोका तर नाही ना?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या टीव्हीत ब्लूटूथ बहुधा वाय-फायच्या सोबतीनेच आलं आहे. दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. त्यामुळे दोन्हींची मिळून एकच चिप बनवली जाते आणि कारखान्याला तीच घेणं सोयीचं पडतं.

शिवाय स्वस्त टीव्हीत खोक्यावरचं नाव एकाचं आणि बनवणारा दुसरा, असं सर्रास असतं. कोडॅक आणि थॉमसन ही वेगवेगळी विदेशी नावं; भारतात दोन्हींचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स हीच कंपनी बनवते. नोएडाची डिक्सन टेक्नॉलॉजीजही अनेक ब्रँडना टीव्ही बनवून देते. एकच सर्किट बोर्ड थोड्याफार फरकाने कितीतरी मॉडेलांत जातो, पण खोक्यावर काय छापायचं ते ब्रँड ठरवतो. एखादी सोय नीट तपासलेली नसेल, किंवा ती महागड्या मॉडेलसाठी राखून ठेवायची असेल, तर स्वस्त मॉडेलच्या खोक्यावर तिचं नाव येत नाही.

शेजारच्या मुलाला टीव्ही दिसतो, त्यामागे बहुधा ‘स्क्रीन मिररिंग’ आहे. वाय-फाय अलायन्सने २०१२मध्ये आणलेल्या मिराकास्ट तंत्रात मोबाइल आणि टीव्ही राउटरशिवाय थेट जोडले जातात. म्हणून तुमच्या वाय-फायचा पासवर्ड माहीत नसलेल्यालाही टीव्हीचं नाव दिसतं. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत हे होणारच. नाव दिसलं म्हणून कुणी आत शिरला असं होत नाही, मात्र जोडणीआधी टीव्ही तुमची परवानगी विचारतो की नाही, हे करून बघा.

आणखी काय दडलंय, ते घरबसल्या तपासता येतं. रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बाणाचं बटण दाबा. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर ते बटण इन्फ्रारेडवर चालतं. ठिपका दिसत नाही, तरी रिमोट चादरीखालून चालतो, तर तो ब्लूटूथवर चालत असणार. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झच्या जोडणीला वेगळं नाव द्या आणि ते टीव्हीच्या यादीत येतं का पाहा. आलं तर तीच जोडणी वापरा. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात जानेवारी २००५पासून विनापरवाना खुला आहे. साहजिकच शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची गळती, सगळ्यांची तिथेच झुंबड असते.

आजोबांसाठी ब्लूटूथ जरूर वापरा. आवाज किंचित मागे पडू शकतो, म्हणजे निवेदिकेचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. बातम्यांना चालून जातं, सिनेमा बघताना खटकतं. तिथे वायरचा इयरफोन बरा.

धोक्याचं म्हणाल, तर ब्लूटूथपेक्षा टीव्हीतल्या सॉफ्टवेअरची चौकशी आधी करा. ‘बॅडबॉक्स २.०’ या प्रकाराबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५मध्ये इशारा दिला. स्वस्तातले काही टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर अशी उपकरणं घरी येण्याआधीच बाधित झालेली होती, काहींत मागाहून उतरवलेल्या अ‍ॅपमधून घुसखोरी झाली. म्हणून खोक्यावर ‘गूगल टीव्ही’ किंवा ‘अँड्रॉइड टीव्ही’ असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. नुसतं ‘अँड्रॉइड’ लिहिलं असेल तर त्या टीव्हीला गूगलची मान्यता असेलच असं नाही. अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप उतरवू नका. ब्लूटूथच्या यादीतली परकी नावं काढून टाका, मिररिंग लागत नसेल तर बंद ठेवा. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मधलं ‘एडीबी डिबगिंग’ सुरू असेल तर तेही बंद करा. व्हिडिओत सांगतात ते रिमोटचे गुप्त कोड मात्र दाबू नका. ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या मेनूत नेतात आणि तिथे एक आकडा चुकला तरी चित्र बिघडू शकतं.

खोक्यावर न छापलेली सोय मिळाली तर आनंदाने वापरा, पण तिच्या भरवशावर टीव्ही घेऊ नका. पुढच्या अपडेटमध्ये ती गेली तर तक्रार करायला हातात कागद नसतो. तेव्हा जी सोय हवीच आहे ती दुकानदाराला दुकानातच चालवून दाखवायला सांगा आणि बिलावर लिहून घ्या.