बौद्धिक अक्षम बालकांचे संरक्षण आणि शिक्षकाचे कर्तव्य

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेली अनेक मुले आज गावच्या प्राथमिक शाळेत इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून बसतात. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिलेला आहे. या मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी, याची चर्चा शिक्षकवर्गात पुष्कळ होते. परंतु त्यांच्यावर होणारे अत्याचार, त्यांची फसवणूक व पिळवणूक यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. विषय अप्रिय आहे. तथापि तो टाळल्याने टळत नाही. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की, दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याचा संभव इतर मुलांच्या ३.७ पट असतो. आणि मानसिक वा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराचा संभव ४.६ पट असतो. २०२२ साली याच नियतकालिकसमूहात २५ देशांतील १ कोटी ६० लाखांहून अधिक मुलांच्या माहितीवर आधारलेला दुसरा अभ्यास आला. त्यानुसार दर तीन दिव्यांग मुलांपैकी जवळजवळ एकाला हिंसेचा अनुभव आलेला असतो.

खेड्यात हा अन्याय अनेक रूपांनी दिसतो. मुलाला वेड्यासारखे हसवून, नाचवून गंमत पाहणे. त्याला पुढे करून दुसऱ्याच्या शेतातील शेंगा चोरावयास लावणे व सापडल्यावर त्याच्यावरच सारा दोष ढकलणे. दिवसभर गुरे राखावयास लावून हातावर बिस्किटाचा पुडा ठेवणे. निराधार अनुदानाची रक्कम परस्पर काढून खर्च करणे. घरात बांधून ठेवणे. आणि सर्वांत भयंकर म्हणजे लैंगिक अत्याचार. पहिल्या प्रकारांकडे गाव हसून पाहते, म्हणूनच शेवटच्या प्रकाराला वाट मिळते. ज्याची थट्टा सर्वांनी केली, त्याचे दुःख खरे मानण्याची सवय कोणालाच राहत नाही.

२. हीच मुले का निवडली जातात

अपराधी मनुष्य बहुधा अनोळखी नसतो. तो नात्यातला, शेजारचा, नेण्या-आणण्याचे काम करणारा किंवा सांभाळ करणाऱ्या संस्थेतलाच असतो. त्याचा हिशेब सरळ असतो: या मुलाला सांगता येणार नाही, सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि विश्वास ठेवला तरी न्यायालयात ते टिकणार नाही.

या हिशेबात नकळत भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आज्ञाधारकपणाची शिकवण. चलाख मुलाने प्रश्न विचारला की शिक्षक संतोष पावतात. मागे पडणाऱ्या मुलाने निमूटपणे सांगितलेले ऐकले की त्याला शाबासकी देतात. अशा मुलाला जेवण, आंघोळ, कपडे, शौच या सर्व बाबतींत दुसऱ्याचे हात अंगाला लागू देण्याची सवय असते. मोठ्या माणसाचे म्हणणे ऐकावे, एवढा एकच धडा त्याने वर्षानुवर्षे गिरवलेला असतो. मग वाईट हेतूचा मनुष्य ‘इकडे ये, कोणाला सांगू नकोस’ असे म्हणतो, तेव्हा ते मूल शाळेने व घराने शिकविलेलेच वर्तन करते. हा दोष मुलाच्या बुद्धीचा नाही; शिकवणीचा आहे, आणि शिकवण बदलता येते.

३. ओळखावयाच्या खुणा

प्रत्येक मुलाचे नेहमीचे वागणे शिक्षकाने जाणून घ्यावे. कारण खूण ओळखावयाची ती त्या वागण्यातील बदलावरून. आनंदाने ज्याच्या सायकलवर बसे त्याला पाहताच मूल रडू लागणे. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा जडणे. बसता-चालताना वेदना होणे. कपड्यांवर डाग किंवा अंगावर वळ दिसणे. वयाला न शोभणारे लैंगिक हावभाव. अचानक हाती आलेले पैसे वा खाऊ. स्वतःलाच मारून घेणे किंवा डोके आपटणे.

येथे एक मोठी चूक होण्याचा संभव असतो. ‘त्याचे असेच आहे, तो मुळातच तसा आहे’ असे म्हणून प्रत्येक बदल अक्षमतेच्या खाती टाकला जातो. अक्षमता ही आधीपासूनची असते; पण गेल्या सोमवारपासून जे सुरू झाले, त्याला गेल्या सोमवारचे काही कारण असले पाहिजे. मात्र एकटी खूण म्हणजे पुरावा नव्हे. तारीख घालून नोंद करावी व अधिक लक्ष द्यावे.

४. वर्गातील शिकवण

पुढील पाठ सर्वच मुलांसाठी घ्यावा. दिव्यांग मुलाला वेगळे काढून शिकविल्यास तेच त्याच्या नावाची चर्चा होण्यास कारण होते.

(अ) शब्द. शरीराच्या सर्व अवयवांची नावे, गुप्तांगांसह, घरच्या बोलीत व संकोच न करता शिकवावीत. ज्याला नाव नाही, त्याविषयी तक्रार करता येत नाही. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रे व खुणा वापराव्यात. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे साहाय्य यासाठी अवश्य घ्यावे.

(आ) ‘नको’. रोज दोन मिनिटे ‘नको’ म्हणण्याचा सराव द्यावा: शब्दाने, मानेने, हाताने. परंतु सरावापेक्षा महत्त्वाचे हे की, मुलाचा ‘नको’ वर्गात मानला जावा. गाणे म्हणावयास नको, आज पाठीवरून हात फिरवावयास नको, असे मुलाने दर्शविल्यास शिक्षकाने थांबावे. जो ‘नको’ वर्गात चालत नाही, तो गोठ्यात किंवा ओढ्यावर चालेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

(इ) मदतीचा स्पर्श. मदत लागणाऱ्या मुलाला कोण, कोठे व कशासाठी हात लावील, हे आधी सांगून मगच मदत करावी. जे स्वतः करता येईल ते त्याला स्वतः करू द्यावे. धुणे, बटणे लावणे, नाडी बांधणे हे स्वावलंबनाचे पाठ होत. तसेच ते संरक्षणाचेही पाठ होत.

(ई) तीन माणसे. प्रत्येक मुलाने आपल्या विश्वासाची तीन माणसे ठरवावीत; त्यांतील एक घराबाहेरचे असावे. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जावयाचे, हे पुन्हा पुन्हा गिरवून घ्यावे.

(उ) जागेवर सराव. बौद्धिक अक्षमता असलेले मूल चित्रात शिकलेले प्रत्यक्षात लागू करीलच असे नाही. म्हणून पाणवठा, दुकान, शौचालय, शाळेची वाट अशा खऱ्या ठिकाणी नेऊन सराव द्यावा. ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढेच शिकवून थांबू नये. धोका बहुधा ओळखीच्या माणसाकडून असतो.

५. मूल काही सांगू लागल्यास

शांत राहावे. आश्चर्य, राग किंवा अविश्वास चेहऱ्यावर दिसू देऊ नये. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणावे. ‘मला आणखी सांग’, ‘मग काय झाले?’ असे मोकळे प्रश्न विचारावेत. ‘अमक्याने तुला हात लावला का?’ असा प्रश्न कधीही विचारू नये. अशी मुले मोठ्यांना बरे वाटावे म्हणून पुष्कळदा ‘हो’ म्हणतात, आणि त्या एका ‘हो’मुळे खरी हकीकतही पुढे संशयास्पद ठरते. एकदा ऐकल्यावर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये.

मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावेत. खूण केली असल्यास खुणेचे वर्णन लिहावे. शब्द सुधारू नयेत. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये; ‘जे तुला मदत करतील त्यांनाच सांगेन’ असे सांगावे. अंगावरचे कपडे धुऊ देऊ नयेत. अत्याचारग्रस्ताला रुग्णालयाने विनामूल्य उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे पालकांच्या कानी घालावे.

गावकीत बसून समेट घडविणे, आरोपीला बोलावून विचारणे, ‘बहिणींची लग्ने व्हावयाची आहेत’ म्हणून प्रकरण दाबणे, यांपैकी कशातही शिक्षकाने सहभागी होऊ नये. कुटुंबाची भीती खरी असते; तिचे उत्तर मौन नव्हे, तर मुलाचे नाव गुप्त राखणे हे आहे.

६. कायद्याची तरतूद

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये १८ वर्षांखालील बालकावर असा अपराध झाल्याची माहिती किंवा आशंका असल्यास ती विशेष किशोर पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. पुराव्याची वाट पाहावयाची नाही. शोध घेणे हे पोलिसांचे काम आहे. न कळविल्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपली, असे नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. बालकाच्या अक्षमतेचा गैरफायदा घेणे आणि शिक्षणसंस्थेतील कर्मचाऱ्याने अपराध करणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने अधिक गंभीर मानल्या आहेत. मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. अक्षमता असलेल्या बालकासाठी विशेष शिक्षकाचे किंवा त्या बालकाची बोलण्याची रीत जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेता येते. गावच्या शाळेत अशी व्यक्ती पुष्कळदा वर्गशिक्षक हीच असते.

१८ वर्षे पूर्ण झाल्यावर हा अधिनियम लागू होत नाही. वय म्हणजे शरीराचे वय, मानसिक वय नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तथापि वयाने मोठ्या झालेल्या माजी विद्यार्थ्याला कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही. कोणत्याही दिव्यांग व्यक्तीचा छळ वा पिळवणूक होत असल्यास किंवा होण्याचा संभव असल्यास, २०१६ च्या अधिनियमान्वये कोणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे बहुधा तहसीलदारांना, माहिती देता येते.

‘न्यायालयात टिकणार नाही’ ही अपराध्याची समजूतही खोटी ठरली आहे. पनवेलजवळील कळंबोली येथील एका आश्रयसंस्थेत बौद्धिक अक्षम व मूकबधिर मुलींवर झालेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरविले. आंध्र प्रदेशातील एका जन्मांध तरुणीने अपराध्यास आवाजावरून ओळखले. दिव्यांग व्यक्तीची साक्ष केवळ ती दिव्यांग आहे म्हणून दुय्यम मानता येणार नाही, असे त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले.

७. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या वर्गातील दिव्यांग मूल वेदना, भीती व नकार कोणत्या शब्दांनी वा खुणांनी व्यक्त करते? त्याची यादी करा.
(२) त्या मुलाचा ‘नको’ गेल्या आठवड्यात शाळेत किती वेळा मानला गेला?
(३) शाळेत येता-जाता ते मूल कोणाबरोबर असते? मधल्या सुट्टीत कोठे असते?
(४) सखी सावित्री समितीच्या सभेत या मुलांचा विषय केव्हा घेतला गेला होता?

पहिल्या प्रश्नाचे लेखी उत्तर वर्गशिक्षकांनी आपल्या दप्तरी ठेवावे व दरवर्षी पुढच्या वर्गाच्या शिक्षकाकडे सोपवावे. वर्ग बदलला की मुलाची भाषा जाणणारा मनुष्य हरवतो. तो हरवू नये, एवढ्याचसाठी ही नोंद आहे.