नवा ऑइल पंप, जुना क्रँक

मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी इंजिनिअरने निसान स्कायलाइन जीटी-आर घेतली, तीही आर३२ पिढीतली, म्हणजे १९८९ साली बाजारात आलेल्या मालिकेतली. ऑस्ट्रेलियात या गाडीचा मान मोठा आहे. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं तिने बाथर्स्टची शर्यत जिंकली होती. तीस वर्षं चाललेलं इंजिन त्याने पूर्ण उघडून नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं. पिस्टन नवे, बेअरिंग नवी, टर्बो नवे. ऑइल पंपही बदलला. शर्यतीच्या गाड्यांसाठी निसाननेच काढलेला, जास्त तेल ढकलणारा एन१ पंप आला. क्रँकशाफ्ट मोजमापात चोख निघाला, म्हणून तो जुनाच ठेवला.

पहिल्याच मोसमात, ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. त्याने लगेच इंजिन बंद केलं, तरी मेन बेअरिंग खरवडली गेली होती. पंप उघडल्यावर आतला गिअर तीन तुकड्यांत हातात आला. क्रँकच्या पुढच्या टोकाला पंप फिरवणाऱ्या दोन सपाट बाजू असतात. घासल्याची चकाकी त्यांच्या एका अरुंद पट्टीवरच होती, बाकीचा भाग गिअरला टेकलेलाच नव्हता.

दोष नेमका तिथे होता.

या गाडीतलं आरबी२६ हे २५६८ सीसीचं, एका रांगेत सहा सिलिंडर आणि दोन टर्बो असलेलं इंजिन. त्याचा पंप चेनवर किंवा पट्ट्यावर चालत नाही, तो थेट क्रँकच्या नाकावर बसतो आणि त्या सपाट बाजूच आतला गिअर फिरवतात. सुरुवातीच्या इंजिनांत या बाजू आखूड होत्या, त्यामुळे गिअरची पकड जेमतेम होती. पुढे निसानने ही पकड रुंद केली. शिवाय लांब क्रँक एकसारखा फिरत नाही. प्रत्येक स्फोटासरशी तो किंचित पिळवटतो आणि सुटतो, आणि ही थरथर पुढच्या टोकाला जास्त जाणवते. ती शोषून घेणं हे डॅम्पर पुलीचं काम. तिच्यातलं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालं की सगळे धक्के पंपावर येतात. कंपनीचा गिअर धातूची भुकटी दाबून, तापवून घडवलेला असतो. सरळ भार तो मुकाट्याने पेलतो, पण हातोडीसारखे ठोके बसले की तडकतो. एन१ पंपाने तेल वाढवलं, तरी गिअर फुटल्याची उदाहरणं त्याचीही भरपूर आहेत. रेव्ह लिमिटरवर इंजिन ताटकळत ठेवणं तर या गिअरसाठी सगळ्यात वाईट, कारण तिथे ताकद क्षणाक्षणाला तुटते आणि पुन्हा जोडली जाते.

दुसऱ्या बांधणीत क्रम बदलला. आधी क्रँकच्या नाकावर रुंद पकडीची कॉलर बसवून घेतली, मग नवा डॅम्पर, आणि त्यानंतर अखंड पोलादातून कापलेल्या गिअरचा पंप. आर३२चं इंजिन बांधणाऱ्या प्रत्येकाने हाच क्रम धरावा, असं माझं ठाम मत आहे.

पंप तेल पुढे ढकलतो. प्रेशर तयार होतं ते वाटेतल्या अडथळ्यामुळे, म्हणजे बेअरिंगच्या फटींमुळे. फटी सैल ठेवल्या तर मोठा पंपही काटा वर नेऊ शकत नाही. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय हा बांधणीकारांचा जुना आडाखा आहे. तो गाडीतल्या मूळ मीटरवर न पाहता मेकॅनिकल गेज लावून तपासावा.

जास्त तेलाची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. आरबी२६च्या हेडमध्ये तेल भराभर चढतं आणि सावकाश उतरतं. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला चालवलं की तेल वरच साचतं, इंजिनच्या तळाचा तेलाचा चेंबर रिकामा होतो आणि सक्शन पाइप हवा ओढतो. मूळ चेंबरमध्ये तेलही साडेचार लिटरच्या आसपासच मावतं. म्हणून मोठ्या पंपाबरोबर हेडकडे जाणाऱ्या वाटेत रिस्ट्रिक्टर लागतो. पुष्कळ बांधणीकार दोनपैकी एक वाट बंद करतात आणि दुसरीत सुमारे दीड मिलिमीटर छिद्राचा जेट घालतात. परतीच्या वाटा मोठ्या करणं, हेडच्या मागून चेंबरपर्यंत बाहेरून पाइप टाकणं, चेंबर वाढवून आत बॅफल बसवणं ही कामंही त्याच वेळी उरकावीत. इंजिन गाडीत चढल्यावर चेंबर काढायचा म्हणजे पुन्हा तेवढाच खटाटोप.

पंप खोक्यातून आला तसा लावू नये. मागची प्लेट उघडून गिअरची फट स्ट्रेट एज आणि फीलर गेजने मोजावी. प्लेटचे स्क्रू कंपनाने सैल होतात, त्यांना थ्रेडलॉक लावून पुन्हा कसावं. पंप तेलाने भरून बसवावा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोल तोडून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवावं. आधीचं इंजिन बेअरिंगमुळे गेलं असेल तर जुना ऑइल कूलर पुन्हा वापरू नये. त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि तो थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो.

पैसे कमी पडत असतील तर टर्बो जुनेच राहू द्यावेत आणि बूस्ट कमी ठेवावा. टर्बो पुढच्या वर्षी इंजिन न उघडता बदलता येतात. क्रँकची कॉलर मात्र इंजिन पूर्ण सुटलेलं असतानाच बसवून घ्यावी लागते.