राखणीच्या कुत्र्यांची आंघोळ व परोपजीवींचा बंदोबस्त

देशावरील कमी पावसाच्या भागातील अनेक धनगर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरतात व पावसाळ्यापूर्वी पुन्हा घरी परततात. या प्रवासात लांडगा, बिबट्या आणि चोर यांच्यापासून कळपाचे रक्षण करण्याचे काम कुत्री करतात. मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यांजवळही अशी तीनचार दांडगी कुत्री असतात. मेंढीला जंताचे औषध वेळेवर पाजणारा पशुपालक कुत्र्याच्या अंगावरील गोचिडांकडे मात्र सहसा लक्ष देत नाही. परिणामी चांगले कुत्रे हाताचे जाते आणि काही वेळा घरातील माणसांच्या जिवालाही धोका पोहोचतो.

आंघोळ घालूनही गोचीड का जात नाहीत?

पुष्कळ पशुपालकांची तक्रार असते की, कुत्रे स्वच्छ धुतले तरी आठवड्यात गोचीड पुन्हा दिसतात. याचे कारण गोचिडाच्या जीवनक्रमात आहे. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड आपल्या आयुष्यात तीन वेळा रक्त पिते व प्रत्येक वेळी पोट भरल्यावर अंगावरून खाली उतरते. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत, दगडाच्या कपारीत किंवा गोणपाटाच्या घडीत जाऊन हजारो अंडी घालते. त्यातून निघालेली सहा पायांची बारीक पिले पुन्हा कुत्र्याचा शोध घेतात. पिसवांचेही असेच आहे. त्यांची अंडी अंगावरून गळून पडतात आणि अळ्या धुळीत वाढतात.

म्हणजेच कोणत्याही वेळी कुत्र्याच्या अंगावर परोपजीवींचा थोडाच भाग असतो; उरलेला त्याच्या बसण्याच्या जागेत असतो. म्हणून एक कुत्रे आज, दुसरे पुढील आठवड्यात, अशा रीतीने धुण्याचा उपयोग होत नाही. सर्व कुत्री आणि त्यांची जागा यांचा बंदोबस्त एकाच दिवशी झाला पाहिजे.

आंघोळीची रीत

कोरड्या हवेचा, उन्हाचा दिवस निवडून सकाळीच काम सुरू करावे. मोठ्या कुत्र्यास दोन माणसे लागतात. एकाने दोरी व डोके धरावे आणि दुसऱ्याने अंग चोळावे. चावऱ्या कुत्र्यास मुसके बांधावे, परंतु त्याला तोंडाने श्वास घेता आला पाहिजे. निरोगी कुत्री प्रथम व खरजेची कुत्री शेवटी घ्यावीत. कानांत कापसाचे बोळे बसवावेत.

अंग भिजविण्यापूर्वी मोठे गोचीड काढून घ्यावेत. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावे. काढलेले गोचीड बोटांनी चिरडू नयेत, साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये टाकावेत. कान, मान, काख आणि बोटांच्या बेचक्या ही त्यांची आवडती ठिकाणे होत.

प्रथम मानेभोवती फेसाचे कडे करावे, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. नंतर पाठीपासून शेपटीपर्यंत व शेवटी पोट आणि पाय चोळावेत. कपडे धुण्याचा साबण वापरू नये, कारण त्याने त्वचा कोरडी पडून खाज वाढते. कुत्र्यांसाठी असलेला सौम्य साबण वापरावा. फेस दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावा. महिन्यातून एक आंघोळ सामान्यतः पुरे होते.

औषधाचा वापर

पूर्वी गोचिडांवर बी.एच.सी.ची पूड चोळीत असत. भारतात १९९७ पासून त्या औषधावर बंदी आहे. जुना साठा शिल्लक असल्यास तो वापरू नये. आज अमिट्राझ हे औषध पशुवैद्यक सुचवितात. १२.५ टक्के तीव्रतेचे औषध असल्यास एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरच्या बादलीस १० मिलिलिटर, हे गोचिडांसाठीचे प्रमाण होय. तथापि बाटलीवरील सूचना नेहमी वाचावी. आंघोळीनंतर अंग निथळल्यावर हे पाणी स्पंजाने सर्वांगास लावावे, डोळे व तोंड वगळावे आणि ते धुऊन न टाकता कुत्र्यास सावलीत वाळू द्यावे. वाळेपर्यंत त्यास अंग चाटू देऊ नये. काम करणाराने हातमोजे घालावेत.

चार महिन्यांखालील पिल्ले, गाभण व पाजणारी कुत्री आणि आजारी कुत्री यांना हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय लावू नये. धनगर कुटुंबांजवळ ओझ्याची घोडी असतात. घोड्यास अमिट्राझ लावल्यास त्याचे आतडे मंदावून प्राणघातक पोटशूळ होऊ शकतो. म्हणून उरलेले औषध घोड्यावर कधीही वापरू नये. मासे मरतात म्हणून ते ओढ्यात अथवा विहिरीजवळही ओतू नये.

त्याच दिवशी कुत्र्यांची गोणपाटे उकळत्या पाण्यात घालून उन्हात टाकावीत किंवा जाळावीत. भिंतींच्या भेगा लिंपून चुना द्यावा व पशुवैद्यकाने सांगितलेले औषध जागेवर फवारावे. फवारा वाळेपर्यंत कुत्री, कोंबड्या व मुले यांना तेथे जाऊ देऊ नये. दर पंधरा दिवसांनी असे तीन वेळा केल्यास मागाहून निघालेली पिलेही सापडतात.

पोटातील शत्रू

बाहेरच्या गोचिडांपेक्षा पोटातील एक बारीक पट्टकृमी माणसास अधिक घातक आहे. मेंढी कापल्यावर तिचे काळीज व फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकण्याची रीत आहे. त्यांत पाण्याने भरलेल्या गाठी असल्यास कुत्र्याच्या आतड्यात हे कृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर, पाण्यात व कुत्र्याच्या केसांवर जातात. मेंढीच्या पोटात ती गेली म्हणजे पुन्हा गाठी होतात. कुत्र्याशी खेळून तसेच जेवावयास बसणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेल्यास त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे गाठ वाढते व अखेर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. अशा गाठी दिसलेले अवयव कुत्र्यास कधीही देऊ नयेत. ते जाळावेत किंवा खोल पुरावेत.

यावर प्राझिक्वान्टेल हे औषध आहे. प्रत्येक किलो वजनास ५ मिलिग्रॅम, म्हणजे तीस किलोच्या कुत्र्यास १५० मिलिग्रॅम द्यावे. कळपासोबतच्या कुत्र्यांना ते दर सहा आठवड्यांनी देणे हितावह असते. औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन दिवस कुत्री बांधून विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी. पिल्लांना गोल जंत आईकडूनच येतात. त्यांना दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास जंतांचे औषध द्यावे व आईलाही द्यावे.

धोक्याची लक्षणे

गोचीड रक्त पिताना रोगजंतूही सोडते. ताप, अन्नावरील वासना जाणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी तांबूस होणे किंवा नाकातून रक्त येणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. प्रारंभी उपचार झाल्यास पुष्कळ कुत्री वाचतात.

ज्या वाड्यावर चार कुत्री आहेत तेथे चारही कुत्र्यांची एकच तारीख ठरवून ती भिंतीवर लिहून ठेवावी. पिसाळ रोगाची लस वर्षातून एकदा टोचण्याची आठवणही त्याच नोंदीत असावी. एका कुत्र्याची चुकलेली पाळी बाकीच्या तिघांची मेहनत फुकट घालविते, हे लक्षात ठेवल्यास कळपाचा राखणदार निरोगी राहील आणि त्याच्या अंगावर रेलून खेळणारी मुलेही सुरक्षित राहतील.