‘सर्व्हिसिंग आत्ताच केलंय, दादा’

जुनी पिकअप विकणारा माणूस ‘सर्व्हिसिंग आत्ताच केलंय’ असं म्हणाला, की त्या गाडीचं काहीच केलेलं नाही असं धरून चाला. हे मी रागानं लिहितोय आणि तो राग अजून उतरलेला नाही. पण आमच्या जुन्नर भागात टोमॅटो, कांदा, फ्लॉवर वाहायला पोरं दर हंगामाला जुन्या पिकअप घेतात, आणि त्यांना घाट उतरावाच लागतो. म्हणून सांगतो.

‘गाडी नीट बघून घ्यायची’ हे मला निम्म्या गावानं ऐकवून झालंय. बघूनच घेतली होती. सोबत फिटर नेला होता. त्यानं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, बॅक कॉम्प्रेशन मारतंय का ते पाहिलं. मारत नव्हतं. धुराचा रंग पाहिला, क्लच पाहिला, चासी नंबर आरसीशी ताडला. फिटनेस चालू होतं. डॅशबोर्डला ऑइल बदलल्याचं कार्ड अडकवलेलं, त्यावर अलीकडची तारीख आणि किलोमीटर. बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत हिरवंगार कूलंट. विकणारा शेठ म्हणाला, “दादा, डिझेल टाका आणि लोड भरा. बाकी काही बघायचं काम नाही.” ट्रायल दिली ती रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावर. ब्रेक चांगले लागत होते. गिऱ्हाइकानं याहून जास्त काय करायचं असतं?

वाशीला टोमॅटो घेऊन निघालो. मागे सत्तर कॅरेट, 20 किलोचा एक, म्हणजे नुसता माल 1400 किलो. शेजारी पुतण्या. माळशेजचा उतार सुरू झाला तेव्हा सगळं ठीक होतं. थोडं खाली आल्यावर ब्रेक नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागतोय असं वाटलं. पुढच्या वळणाआधी पाय ठेवला आणि पॅडल थेट तळाला गेलं. पायाखाली काही लागलंच नाही. पुन्हा पुन्हा मारलं तेव्हा थोडासा दाब आला, परत गेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली, हँडब्रेक थोडा थोडा उचलत नेला आणि कडेला रुंद जागा मिळाली तिथं दाबली. हँडब्रेक वायरवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून आम्ही दोघं आज आहोत. पुतण्या खाली उतरला आणि चाकामागे दगड लावताना त्याचे हात थरथरत होते. ते मी विसरणार नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. तासाभरानं चाकं गार झाली आणि पॅडल परत पहिल्यासारखं घट्ट! खाली उतरून गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, ब्रेक तर लागतायत. माल वाशीला उशिरा पोचला, भाव पडलेला होता.

कारण गावाकडं आल्यावर कळलं, फिटरनं एकेक गोष्ट उघडली तेव्हा. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं झालेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट-3 ऑइल नवं असताना 205 अंशाच्या पुढे उकळतं, पाणी मुरल्यावर तीच हद्द 140 च्या आसपास येते. लोड घेऊन घाट उतरताना चाकाची उष्णता त्याला उकळवते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडलचा दाब त्या वाफेतच जिरतो. गार झालं की वाफ विरते आणि सगळं ठीक दिसतं. रिकाम्या गाडीच्या ट्रायलमध्ये हे जन्मात कळणार नाही. त्यात मागच्या डाव्या ड्रमचं लायनर हाउसिंगच्या ऑइलनं भिजलेलं, सील गेलेलं. म्हणजे ते चाक ब्रेक धरतच नव्हतं.

मग फिटरनं रेडिएटरचं झाकण काढलं. आत तांबडं, गंजाचं पाणी. हिरवं कूलंट फक्त बाटलीत ओतलेलं होतं, जिथं गिऱ्हाइकाची नजर जाते तिथं. ऑइल फिल्टर इतका जुना, की त्यावरचा रंग उडाला होता. डिझेल फिल्टरखालून पाणी निघालं. तिथं उभा असताना मला समजलं, की ते कार्ड इंजिनासाठी नव्हतं, माझ्यासाठी लिहिलेलं होतं.

शेठला फोन केला. पहिले काही उचललेच नाहीत. पुतण्याच्या नंबरवरून लावला तेव्हा म्हणाला, “गाडी दिली तेव्हा ब्रेक लागत होते ना? जुनी गाडी म्हणजे काम निघतंच.” काम निघतं हे मलाही माहीत आहे. पैशासाठी मी भांडत नव्हतो. ‘ब्रेक ऑइल बदललेलं नाही’ एवढं एक वाक्य त्यानं सांगायचं होतं. रेडिएटरचा फोटो पाठवला, त्यानं पाहिला, उत्तर नाही.

आता ऐका. गाडी ताब्यात आली की पहिला लोड भरण्याआधी आतले सगळे द्रव बदला: ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल फिल्टरसकट, कूलंट, गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल. त्यात ब्रेक ऑइल सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात आधी तेच. नुसतं वरून ओतू देऊ नका. लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारी निपलमधून जुनं निघून स्वच्छ येईपर्यंत सोडायला लावा, आणि स्वतः उभे राहा. पुढे दर दोन वर्षांनी बदला. चारी ड्रम-डिस्क उघडून लायनर, व्हील सिलिंडर आणि सील बघा.

रेडिएटर गार असतानाच झाकण काढा आणि आत बोट घाला. गंज लागला तर फ्लश करून कूलंट भरा, साधं पाणी नाही. थर्मोस्टॅट जागेवर आहे का विचारा. गाडी तापते म्हणून तो काढून फेकणारे पुष्कळ आहेत. इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे माहिती करून घ्या. बेल्ट असेल आणि कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदला. तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

टायरवर डॉट या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे बघा. 2418 म्हणजे 2018 सालचा 24 वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुना टायर लोडवर दगा देतो. स्टेपनीही बघा. पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला दिसला, तर आधीच्या मालकानं ओव्हरलोड ओढलाय असं समजा आणि यू बोल्ट, बुश, शाफ्टचे क्रॉस नीट तपासा. ग्रीसिंग करून घ्या. बॅटरी, लाइट, वायपर हे सांगायची गरज नाही.

कागदांचं थोडक्यात: फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बोजा असेल तर 35, बाकी ई-चलनं आधीच भरून घ्या. विमा नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत द्या. फिटनेस चालू आहे म्हणून गाडी धड आहे असं कुणी म्हणालं, तर माझी गाडी आठवा.

आणि ट्रायल लोड भरून मागा. वाळूची पोती भरा, विटा भरा, पण वजन घालून एखादा उतार उतरवा. विकणारा नाही म्हणाला तर व्यवहार तिथंच सोडा. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. चाकं उघडून काम केलं असेल, तर पहिल्या लोडच्या फेरीनंतर पाना घेऊन चारी चाकांचे नट पुन्हा आवळा. हे गॅरेजवर सोडू नका, स्वतः आवळा.