आधी पैसे, मग पुरसीस

आमच्या कुरुंदा गावातून बाहेरगावी कंत्राटी नोकरीला जाणारी बरीच पोरं आहेत. त्यांच्यापैकी कुणाचं मालकाशी बिनसलं आणि तडजोडीची बोलणी सुरू झाली, की मी त्याला आधी एवढंच सांगतो: सह्या झाल्या म्हणजे वाद संपला असं धरू नको. पैसे खात्यात पडेपर्यंत, अडकलेले कागद हातात येईपर्यंत आणि कोर्टाच्या रोजनाम्यात नोंद होईपर्यंत तो चालूच असतो. समझोत्यानंतरचे हे दिवस फार नाजूक असतात, कारण तोवर माणूस थकून गेलेला असतो आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी कारखान्यात मी तीन वर्षांच्या करारावर मशीन ऑपरेटर होतो. मुदत संपायच्या आतच मला कमी केलं. थकलेला पगार दिला नाहीच, उलट प्रशिक्षणाचा खर्च म्हणून माझ्याकडेच पैसे मागितले. रुजू होताना माझी मूळ प्रमाणपत्रं आणि सही केलेला कोरा चेक त्यांनी ठेवून घेतला होता, आणि त्या वेळी नोकरी हवी असलेल्या कुणालाही नाही म्हणता आलं नसतं. मी कामगार न्यायालयात गेलो. तारखांमागून तारखा पडल्या, आणि मग त्यांच्याच बाजूनं निरोप आला: बाहेर मिटवून टाकू.

बैठक चांगली झाली. रक्कम ठरली, चहा झाला. मग त्यांच्या माणसानं एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. प्रकरण मागे घेत असल्याची ती पुरसीस होती. ‘आज ही द्या, पैसे सोमवारी.’ माझ्यासोबत आलेले थोरले काका म्हणाले, “बापू, मिटलंय न आता? मग कशाला ताणायलास?” काकांना माझी काळजीच होती. पण आमच्या वकील मॅडमनी तो कागद शांतपणे परत सरकवला. “आधी पैसे, मग पुरसीस,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं का बरोबर होतं, ते मला माझ्या एका सहकाऱ्याच्या प्रकरणावरून कळलं. तो सुपरवायझर असल्यानं दिवाणी कोर्टात गेला होता. त्यानं हॉटेलात बसून तडजोड केली, अर्धे पैसे घेतले आणि दावा बिनशर्त मागे घेतला. उरलेले अर्धे आले नाहीत. नव्यानं दावा लावण्याची कोर्टाची परवानगी न घेता दावा मागे घेतला, तर त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २३व्या आदेशात तसं स्पष्ट आहे. त्याच्याकडं उरला तो दोघांच्या सहीचा एक साधा कागद, आणि त्यावर वेगळी लढाई.

म्हणून प्रकरण कोर्टात असेल तर तडजोड कोर्टाबाहेर ठरवा, पण नोंदवा कोर्टातच. आम्ही आमची लोकअदालतीत ठेवली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. हप्ता चुकला तर नवा दावा लावावा लागत नाही, थेट अंमलबजावणीची दरखास्त टाकता येते. अपील नाही ही गोष्ट दोन्हीकडून कापते, हे मात्र लक्षात ठेवा. सही करायच्या आधी रात्रभर कागद घरी ठेवून वाचायचा हट्ट धरा. पाहिजे तर मी वाचून देतो, असं मी गावातल्या पोरांना सांगून ठेवलंय.

कागदात काय असावं? रक्कम आणि तारखा सगळेच लिहितात. भांडण पुन्हा उकरलं जातं ते बाकीच्या गोष्टींवरून. रक्कम कर कापून आहे की कापायच्या आधीची? मूळ प्रमाणपत्रं कोणती, कधी परत मिळणार? कोरा चेक असेल तर त्याचा नंबर. त्यांनी माझ्यावर लावलेला प्रशिक्षण खर्चाचा दावा त्यांनी सोडला, हे त्यांच्याच शब्दांत. आणि अनुभवाच्या दाखल्याचा पूर्ण मजकूर समझोत्याला परिशिष्ट म्हणून जोडलेला हवा. नुसतं ‘दाखला देऊ’ असं लिहिलं, तर ‘सेवा असमाधानकारक’ असा शेरा मारलेला दाखलाही ते देऊ शकतात आणि तुम्हाला काही बोलता येत नाही.

माझा पहिला हप्ता त्याच दिवशी खात्यात आला. दुसऱ्याचा पुढच्या तारखेचा चेक दिला होता, तो अपुऱ्या शिलकीमुळं परत आला. इथं घाबरायचं नसतं, पण दिवस मोजायचे असतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांतच बँकेत टाकावा लागतो. तो परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार. ‘देतो, देतो’ ऐकत हे दिवस निघून जातात. आमच्या समझोत्यात एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय होईल असं कलम होतं. नोटिशीत ते कलम उतरवलं, आणि १५ दिवस संपायच्या आत सगळे पैसे आले. पैसे पूर्ण मिळाल्याची पुरसीस त्यानंतर गेली.

कोरा चेक काही मिळाला नाही, ‘गहाळ झाला’ म्हणाले. मग चेकच्या नंबरसह तसं लेखी घेतलं आणि बँकेत पेमेंट थांबवण्याचा अर्ज दिला. ऊसतोडीच्या उचलीत मुकादमाकडं राहिलेल्या सही केलेल्या कागदांनी आपल्या मराठवाड्यात किती घरं छळली, हे मी वेगळं सांगायला नको. देणं फिटलं तरी कागद जिवंत राहतो.

कामगारांनी एकत्र समझोता केला असेल, तर आणखी एक गोष्ट. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो; बाहेर झालेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. समझोत्यातले पैसे थकले तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली मागता येते, अर्ज साधारण एका वर्षाच्या आत करावा. आणि संघटनेनं केलेला समझोता एकेका कलमाचं वजन करून मोडायला जाऊ नका. मुंबईच्या हर्बर्टसन्स कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७६ सालीच सांगितलं, की समझोता एकत्रच तोलायचा असतो. एका कलमात कमी मिळालं, तर दुसऱ्यात मिळालेलंही धरावं लागतं.

‘पूर्ण व अंतिम हिशेब’ असं वाचून पुष्कळांना वाटतं की पीएफही गेला. तसं नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी कायद्यानं दिलेले हक्क आहेत, ते अशा एका वाक्यानं बुडत नाहीत. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते मात्र बघा. मालकानं भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी कोऱ्या कागदावर सही करू नये. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, वसमतच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि पूरग्रस्त यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

निवाड्याची प्रमाणित नक्कल लगेच काढा, एक घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं. जुलै २०२२च्या पुरात कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा पेटीतले कागद कसे भिजतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोबाइलमधला फोटो असू द्या, पण दरखास्तीला शिक्क्याची नक्कलच लागते.